निळं रक्त आणि उलटी केलेली नळी : सागरी जैवतंत्रज्ञान रोजच्या कामात

रेवती

गेल्या महिन्यातली गोष्ट. वॉटर बाथमधून बोटाएवढी काचेची नळी काढली, नेहमीसारखी अलगद उलटी केली आणि आतला द्रव खाली आलाच नाही. घट्ट जेल होऊन तो तळालाच चिकटून राहिला होता. आमच्या कामात याचा अर्थ एकच : इंजेक्शनच्या त्या बॅचमध्ये एंडोटॉक्सिन आहे, बॅच अडकली. त्याची चौकशी अजून चालू आहे, त्यामुळे आत्ता त्यावर लिहीत नाही. पण ती नळी मुळात गोठते कशामुळे, हे सांगायचं बरेच दिवस मनात होतं. इतकी वर्षं हे काम करूनही मला त्याचं नवल वाटतं.

मी इंजेक्शनं बनवणाऱ्या कारखान्यात, क्वालिटी कंट्रोलच्या सूक्ष्मजीव विभागात आहे. निर्जंतुक झालं म्हणजे सुरक्षित झालं असा बऱ्याच जणांचा समज असतो. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत, जिवाणू मरतात हे खरं, पण ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात जे एंडोटॉक्सिन असतं ते त्या उष्णतेला दाद देत नाही. मेलेल्या जिवाणूंचे हे अवशेष शिरेतून रक्तात गेले तर हुडहुडी भरून ताप चढतो, रक्तदाब कोसळतो, प्रमाण जास्त असेल तर माणूस दगावू शकतो. आमच्या चाचणीच्या नळ्याच आधी २५० अंशांवर अर्धा तास भाजून घ्याव्या लागतात, इतकं हे चिवट.

पूर्वी ही तपासणी सशांवर होई. औषध सशाच्या कानाच्या शिरेत टोचायचं आणि अंगात ताप चढतो का ते बघत बसायचं. आता ०.१ मिली नमुना, ०.१ मिली लायसेट (फोडलेल्या रक्तपेशींचा अर्क), ३७ अंश तापमान आणि एक तास. त्या तासात बाथला धक्कासुद्धा लागू द्यायचा नाही, कारण जमत आलेलं जेल एकदा मोडलं की पुन्हा जमत नाही. तास भरला की नळी पूर्ण १८० अंशांत उलटी करायची. जेल जागेवर राहिलं तर पॉझिटिव्ह.

हे लायसेट येतं हॉर्सशू क्रॅबच्या रक्तपेशींतून. नाव क्रॅब असलं तरी हा खेकडा नाही, नातं कोळी आणि विंचवांशी जवळचं. घोड्याच्या नालेसारखं कवच, मागे टोकदार शेपूट. याच्या पूर्वजांचे जीवाश्म सुमारे ४४.५ कोटी वर्षांपूर्वीचे मिळालेत, म्हणजे डायनोसॉर यायच्या कितीतरी आधीचे. रक्तात ऑक्सिजन वाहायला लोहाऐवजी तांबं असल्यामुळे ते हवेत आलं की निळं दिसतं. आपल्यासारख्या अँटिबॉडीज या प्राण्याकडे नाहीत. जखमेतून जिवाणू आत शिरले की रक्तपेशी फुटतात, भोवतालचं रक्त थिजतं आणि जिवाणू त्या जेलमध्येच अडकतात. अमेरिकेत वुड्स होल इथे काम करणाऱ्या फ्रेडरिक बँग यांनी १९५६ मध्ये हे गोठणं नोंदवलं. पुढे १९६४ मध्ये जॅक लेव्हिन यांच्यासोबत त्यांनी दाखवलं की जिवंत जिवाणूंचीही गरज नाही, नुसतं एंडोटॉक्सिन पुरतं. १९७७ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने या चाचणीला मान्यता दिली आणि हळूहळू सशांची सुटका झाली.

सशांची झाली, हॉर्सशू क्रॅबची नाही. त्यांना पकडून आणतात, हृदयाजवळ सुई घालून रक्ताचा बराचसा भाग काढतात आणि परत समुद्रात सोडतात. सोडलेले सगळे जगत नाहीत. आशियातल्या जातींचं तर अनेकदा सगळं रक्त काढून घेतात. रोज त्या नळीत लायसेट टाकताना माझ्या मनात हे असतंच.

म्हणून हा धागा. समुद्रातून काही उचलून आणणं माणूस पूर्वापार करत आलाय. जैवतंत्रज्ञानाची प्रगती मी मोजते ती अशी, की समुद्रातल्या जिवाकडून एक युक्ती शिकलो, तर दुसऱ्या खेपेला त्या जिवाला हात न लावता ती वापरता येते का?

सगळ्यात सुंदर उदाहरण जेलीफिशचं. ओसामु शिमोमुरा १९६१ पासून अनेक उन्हाळे फ्रायडे हार्बरला जाऊन एक्वोरिया जातीच्या जेलीफिश गोळा करत. प्रकाश देणाऱ्या पेशी छत्रीच्या कडेला असतात, म्हणून एकेक जेलीफिश हातात धरून तिची गोल कड कापायची. एकदा उरलेला अर्क त्यांनी बेसिनमध्ये ओतला आणि बेसिन आतून निळं उजळलं, कारण तिथे समुद्राचं पाणी वाहत होतं आणि त्यातल्या कॅल्शियमने ते प्रथिन पेटलं होतं. त्याच शोधात सोबत एक हिरवं चमकणारं प्रथिन सापडलं, आज ज्याला जीएफपी म्हणतात ते. सगळ्या वर्षांत मिळून साडेआठ लाखांच्या आसपास जेलीफिश लागल्या. मग १९९२ मध्ये डग्लस प्रॅशर यांनी त्याचा जनुक वेगळा केला, १९९४ मध्ये मार्टिन चाल्फी यांनी तो एका सूक्ष्म कृमीत घालून त्याच्या चेतापेशी हिरव्या उजळवल्या, रॉजर त्सिएन यांनी त्याचे निरनिराळे रंग केले. २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन या तिघांना मिळालं. आज जगभरातल्या प्रयोगशाळा जीएफपी वापरतात आणि त्यासाठी एकही जेलीफिश पकडावी लागत नाही.

तुमच्या कामात, वाचनात अशी उदाहरणं असतील तर जरूर लिहा. माझं म्हणणं पटत नसेल तर तेही.

प्रवाळ

रेवतीताई, फार छान लिहिलंय. बेसिनचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला.

माझ्याकडून एक भर. रक्ताच्या कर्करोगावर वापरतात ते सायटाराबिन. १९५० च्या आसपास वर्नर बर्गमन यांना फ्लोरिडाजवळच्या एका स्पंजात विचित्र न्यूक्लिओसाइड, म्हणजे आरएनए-डीएनए ज्यांपासून बनतात तसे घटक, सापडले. आपल्या आरएनएमध्ये रायबोज साखर असते, यांच्यात अरॅबिनोज. म्हणजे जवळजवळ तीच किल्ली, पण एक दाता वेगळा. तसाच रेणू प्रयोगशाळेत तयार केला, तर भराभर वाढणारी पेशी तो खरा समजून डीएनएमध्ये जोडते आणि तिथेच अडते. १९६९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, आजही वापरात आहे. आणि पहिल्यापासून ते रसायनशाळेतच बनत आलं, स्पंजकडून फक्त नमुना घेतला.

आता प्रश्न. हॉर्सशू क्रॅबचा जनुकही असाच काढून वापरता येत नाही का?

रेवती

प्रवाळ, येतो, आणि माझी खंत नेमकी तिथेच आहे. त्या गोठण्याच्या साखळीत एंडोटॉक्सिनला सगळ्यात आधी ओळखतो तो फॅक्टर सी. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या डिंग जीक लिंग आणि हो बाओ यांनी १९९० च्या दशकात त्याचा जनुक वेगळा करून दुसऱ्या पेशींमध्ये ते प्रथिन बनवून दाखवलं. २००३ मध्ये पहिला किट बाजारात आला. यात जेल होत नाही, एंडोटॉक्सिन असेल तर चमक दिसते आणि ती यंत्र मोजतं.

तरी युरोपियन फार्माकोपियात (औषधांच्या दर्जाच्या कसोट्या ठरवणाऱ्या अधिकृत ग्रंथात) त्याला स्वतःचं प्रकरण मिळालं ते २०२१ मध्ये, अमेरिकेच्या फार्माकोपियात २०२५ मध्ये. तोवर वापरायला बंदी नव्हती, पण प्रत्येक औषधासाठी ही पद्धत जुनीच्या तोडीची आहे हे स्वतः सिद्ध करत बसावं लागे. दोष कुणाला द्यावा? ही चाचणी चुकली तर परिणाम शिरेत सुई असलेल्या माणसाला भोगावे लागतात, तेव्हा सावधपणा मला मान्य आहे. पण पहिल्या किटपासून २२ वर्षं म्हणजे फार झाली.

दर्यावर्दी

लेख आवडला, पण तुमच्या कसोटीशी मी पूर्ण सहमत नाही.

मी समुद्रशैवालाच्या शेतीत काम करतो. तुमच्याच प्रयोगशाळेत पेट्री डिशमध्ये जे अगर ओतता ते लाल शैवालातूनच येतं ना? १८८१ च्या सुमारास फॅनी हेसे यांनी सुचवल्यावर जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जिलेटिनऐवजी अगर आलं आणि अजून त्याला तोडीस तोड पर्याय मिळालेला नाही. कॅराजीनन, अल्जिनेट या शैवालातूनच काढलेल्या, घट्टपणा आणणाऱ्या पदार्थांचंही तेच. दातांचा साचा घेताना तोंडात जो लगदा धरून बसावं लागतं, त्यातही अल्जिनेट असतं. हे सगळं टनांवारी लागतं. तिथे जनुक काढून फर्मेंटरमध्ये (सूक्ष्मजीव वाढवायच्या टाकीत) घालू म्हणणं आज तरी शक्य नाही, आणि नीट लागवड केली तर गरजही नाही.

आमच्याकडे जैवतंत्रज्ञान लागतं ते वेगळ्या जागी. कॅराजीननसाठी लावतात ते कप्पाफायकस आम्ही बियाण्यापासून लावत नाही, जुन्या झाडाची फांदी तोडून दोरीला बांधतो. त्या फांदीची फांदी, तिची पुन्हा फांदी, असं दशकानुदशकं चालत आलंय. म्हणजे दोरीवरची सगळी रोपं एकाच झाडाची नक्कल. पाणी तापलं किंवा खारटपणा अचानक उतरला की ‘आइस-आइस’ हा रोग येतो. परवापर्यंत तपकिरी, रबरासारखी लवचीक असलेली फांदी मधेच बर्फासारखी पांढरी पडते, बोटात धरली तर मऊ लागते आणि तिथूनच तुटते. तुटलेला भाग लाट घेऊन जाते. सकाळी दोरी वर ओढली आणि ती हलकी लागली, की बघायच्या आधीच कळतं.

यावर ऊतीसंवर्धनातून केलेली रोपं, बीजाणूंपासून वाढवलेली नवी वाणं, रोगाचा जिवाणू लवकर ओळखणाऱ्या चाचण्या यांचं काम चालू आहे. सुशीला गुंडाळतात त्या नोरी शैवालाचं उदाहरण बघा. १९४९ मध्ये कॅथलीन ड्रू-बेकर या ब्रिटिश संशोधिकेने दाखवलं की नोरीच्या आयुष्यातला एक टप्पा शिंपल्याच्या कवचात दडलेला असतो, आणि तोवर तो वेगळीच वनस्पती समजला जाई. तेवढ्या एका शोधावर जपानमधली नोरीची लागवड बेभरवशाची होती ती खात्रीची झाली.

तेव्हा समुद्राला हात न लावणं ही एक वाट झाली. समुद्रात नीट पेरणं ही दुसरी.

रेवती

दर्यावर्दी, मान्य. माझी कसोटी मी दुरुस्त करते : रानातून ओरबाडावं लागू नये. दोरीला बांधून वाढवलेलं ओरबाडण्यात येत नाही. आणि हो, अगर उद्या मिळालं नाही तर आमचा अर्धा विभाग बंद पडेल.

भूलतज्ज्ञ

डॉक्टर म्हणून एक गोष्ट लिहितो, कारण ‘समुद्रातलं म्हणजे नैसर्गिक, म्हणजे सौम्य’ असं रुग्णांचे नातेवाईक मला नेहमी सांगतात.

झिकोनोटाइड हे वेदनाशामक कोन स्नेल नावाच्या शंखातल्या गोगलगायीच्या विषावरून आलं. कोनस मॅगस ही तिची जात. ही गोगलगाय सोंडेतून विषारी दात भाल्यासारखा मारून मासा जागीच लुळा करते. बाल्डोमेरो ऑलिव्हेरा यांच्या युटातल्या प्रयोगशाळेत मायकल मॅकिंटॉश नावाच्या, नुकतंच शाळेतून आलेल्या विद्यार्थ्याने त्यातला हा पेप्टाइड वेगळा केला. २५ अमिनो आम्लांची छोटीशी साखळी, आज ती कृत्रिमरीत्याच जोडतात. मज्जारज्जूत वेदनेचा निरोप पुढे जाण्यासाठी जे कॅल्शियमचे मार्ग उघडावे लागतात, ते ती बंद करते. मॉर्फिनचा मार्ग याहून पूर्ण वेगळा, त्यामुळे मॉर्फिनसारखी सवय लागत नाही आणि डोस चढवत न्यावा लागत नाही. अमेरिकेत २००४ च्या डिसेंबरमध्ये मान्यता मिळाली.

पण ते गोळीत किंवा शिरेतून देता येत नाही. त्वचेखाली पंप बसवून थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात थेंबाथेंबाने सोडावं लागतं. डोस अगदी हळू वाढवायचा, कारण गोंधळ, भास, तीव्र नैराश्य असे परिणाम होऊ शकतात. पूर्वी सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणारा मानसिक विकार, झालेल्याला ते देत नाहीत. बाकी सगळे उपाय हरलेल्या वेदनेसाठी हे औषध आहे, आणि तिथे त्याचं मोल मोठं आहे.

ओंजळ

मी इथे सहसा फक्त वाचते. आज लिहावंसं वाटलं.

माझ्या आईला स्तनांचा कर्करोग पसरल्यावर एरिब्युलिन दिलं होतं. २१ दिवसांचं चक्र, पहिल्या आणि आठव्या दिवशी इंजेक्शन. शिरेतून द्यायला दोन ते पाच मिनिटं. तिथे पोचायला, रक्ततपासणीचा रिपोर्ट यायला अख्खा दिवस जायचा आणि औषध एका छोट्या सिरिंजमधून बघता बघता संपायचं. आई एकदा म्हणाली, “एवढंसंच?”

नंतर मी त्यावर वाचत गेले. १९८६ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना एका काळ्या स्पंजात हॅलिकॉन्ड्रिन बी सापडलं. न्यूझीलंडजवळून दुसऱ्या जातीचा एक टन स्पंज काढला, तेव्हा त्यातून जेमतेम ३०० मिलिग्रॅम मिळालं. एक टन. मग १९९२ मध्ये हार्वर्डला योशितो किशी यांनी तो अवाढव्य रेणू प्रयोगशाळेत जोडला, आणि लक्षात आलं की अख्ख्या रेणूची गरज नाही, अर्धा भागच काम करतो. त्या अर्ध्याचं एरिब्युलिन झालं. तेसुद्धा बनवायला ६० च्या वर पायऱ्या लागतात. २०१० मध्ये मान्यता मिळाली.

आईच्या बोटांना मुंग्या यायच्या, शर्टाची बटणं मी लावून द्यायचे. पण त्या औषधावर तिला काही चांगले महिने मिळाले. त्या महिन्यांत ती घरी होती. रेवतीताई, तुम्ही म्हणता तसं त्या स्पंजकडून नमुनाच घेतला, तो संपवला नाही, हे वाचून बरं वाटलं.

रेवती

ओंजळ, लिहिलंत हे खूप मोलाचं आहे. ती सिरिंज भरायच्या आधी अशाच एखाद्या प्रयोगशाळेत कुणीतरी एंडोटॉक्सिनची चाचणी केलेली असते. माझ्या टेबलावरून जाणाऱ्या प्रत्येक नमुन्याच्या पलीकडे कुणीतरी असतं, हे आज पुन्हा जाणवलं.

कुतूहल

दोन मुद्दे.

एक, गाईंना समुद्रशैवाल घातलं की मिथेन ८० टक्क्यांनी कमी होतो, अशी बातमी सारखी फिरते. ॲस्परागॉप्सिसमधलं ब्रोमोफॉर्म मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांचं शेवटचं एन्झाइम अडवतं, हे खरं आहे, आणि काही प्रयोगांत एवढी घट दिसलीही. पण ब्रोमोफॉर्म स्वतः निरुपद्रवी नाही, साठवणीत उडून जातं, मात्रा वाढली की जनावर कमी खातं, आणि मोकळं चरणाऱ्या गुरांच्या पोटात ते रोज घालायचं कसं हा प्रश्न उरतोच. आशा आहे, पण बातमीतला आकडा गोठ्यात जसाच्या तसा उतरेल असं धरून चालू नये.

दुसरा मुद्दा मला जास्त टोचतो. नमुना घेतला, जनुक वाचला, फर्मेंटरमध्ये घातला. मग तो कुणाचा? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, पेटंटमध्ये नोंदलेल्या सागरी जनुकक्रमांपैकी ४७ टक्के एकट्या एका कंपनीच्या नावावर होते. खोल समुद्र कुणाच्याच मालकीचा नाही म्हणतात, आणि जहाज पाठवायची ऐपत मोजक्याच देशांची.

दर्यावर्दी

कुतूहल, त्यासाठीच २०२३ मध्ये खुल्या समुद्राचा करार झाला आणि जानेवारी २०२६ मध्ये तो लागू झाला. देशांच्या हद्दीबाहेरून जनुकीय नमुना घेतला तर कळवायचं, आणि नमुना व त्याची डिजिटल माहिती यांतून होणाऱ्या लाभाचा न्याय्य वाटा सगळ्यांना द्यायचा, असं त्यात आहे. नुसता जनुकक्रम संगणकावरून उतरवून घेतला तरी ती जबाबदारी राहते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. अंमलबजावणी कशी होते ते पुढे दिसेल.

प्रवाळ

कुतूहल, तुमच्या दुसऱ्या मुद्द्याला +१. जिथे हा वाटा ठरवणं सगळ्यात अवघड, ते सूक्ष्मजीव. इटलीतल्या व्हल्कानो बेटाच्या उथळ किनाऱ्यावरच्या तापलेल्या वाळूत पायरोकॉकस फ्युरिओसस सापडला. १०० अंशांवर मजेत वाढतो. त्याचं पीएफयू एन्झाइम डीएनएच्या नकला करताना झालेली चूक स्वतःच खोडतं, म्हणून बिनचूक नक्कल हवी तिथे पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या भराभर नकला काढायच्या पद्धतीत, ते वापरतात. त्या बेटापर्यंत यातलं किती परत गेलं असेल, कोण जाणे.

आणि रेवतीताई, त्या नळीचं काय झालं?

रेवती

प्रवाळ, चौकशी काल संपली, आता लिहिते.

पुन्हा चाचणी केली, पुन्हा पॉझिटिव्ह. कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेल्या तुलनेच्या नळ्या, सगळे बरोबर. पाण्याचे नमुने मर्यादेच्या कितीतरी खाली, कुठे जिवाणूंची वाढ नाही, टाक्या धुतल्याच्या नोंदी चोख. एंडोटॉक्सिन आलं कुठून, याचा पत्ताच लागेना. तिसऱ्या दिवशी उत्पादन विभागातल्या एका सहकाऱ्याने सहज सांगितलं की या बॅचला सेल्युलोजच्या फिल्टरचा नवा लॉट लावला होता.

क्रॅबच्या रक्तात गोठण्याच्या वाटा दोन आहेत. फॅक्टर सी एंडोटॉक्सिनला ओळखतो, आणि फॅक्टर जी बीटा-ग्लुकनला, म्हणजे बुरशीच्या आवरणात असतं त्याला. समुद्रात त्या प्राण्याला दोन्हींपासून वाचायचं असतं, त्यामुळे शेवट दोन्हीकडे सारखाच, जेल. सेल्युलोजचे फिल्टर नीट धुतले नाहीत तर त्यांतूनही ग्लुकन सुटतं. ते एंडोटॉक्सिनसारखा ताप आणत नाही, पण नळीत फरक कळत नाही.

जनुकापासून बनवलेल्या किटमध्ये फक्त फॅक्टर सी असतो. आम्ही तो सहा महिन्यांपासून जुन्या पद्धतीच्या जोडीने चालवून बघतोय. त्याच नमुन्यावर लावला, चमक आली नाही. मग खात्रीसाठी जुन्याच लायसेटमध्ये ग्लुकनची वाट बंद करणारं बफर (एक खास द्रावण) घातलं, नळ्या बाथमध्ये ठेवल्या आणि तासभर कुणाला त्या टेबलाजवळ येऊ दिलं नाही. वेळ झाल्यावर पहिली नळी काढली, अलगद उलटी केली. द्रव सरळ खाली आला.